पाठवायचा राहिलेला फोटो



इथे आयर्लंडमध्ये नवं घर घेतलेल्या आपल्या मंडळींना एक प्रश्न हमखास पडतो. घर मिळालं, हप्ते सुरू झाले, भिंती मात्र मोकळ्या. गणपतीचा फोटो, लग्नाचा फोटो, मुलांच्या शाळेतला फोटो लावून झाला, तरी बैठकीच्या खोलीतली मोठी भिंत रिकामीच दिसते. मग कुणीतरी ऑनलाइन शोधायला बसतं आणि एक जुना, काळा-पांढरा अमेरिकन फोटो समोर येतो. तुम्ही तो पाहिलेला असणार. कळकट तंबूच्या तोंडाशी बसलेली एक बाई. हात गालापाशी, नजर कुठेतरी लांब. दोन्ही खांद्यांवर दोन मुलं रेललेली, तोंडं मागे वळवलेली. मांडीवर तान्हं बाळ. खाली लिहिलेलं असतं 'फाइन आर्ट प्रिंट', आणि किंमत एका ठिकाणी तीस-चाळीस युरो, दुसऱ्या ठिकाणी काही शे. फोटो तोच. मग हा फरक कसला?

आज त्याबद्दल बोलू. बोलता बोलता हा विषय कॅलिफोर्नियातून आपल्या क्लेअर काउंटीपर्यंत येणार आहे, कारण हा फोटो काढणाऱ्या बाई १९५४ साली इथे आल्या होत्या आणि इथेही त्यांनी पुष्कळ फोटो काढले.

बाईंचं नाव डोरोथिया लँग. जन्म १८९५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकन गावचा. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन त्यांनी स्टुडिओ काढला. आपल्याकडे जसे पुण्या-मुंबईत नावाजलेले फोटो स्टुडिओ असत तसाच तो; गिऱ्हाईक बहुतेक पैसेवालं. मग १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. बेकार माणसं रस्त्यावर आली, फुकट भाकरीसाठी रांगा लागल्या. लँगबाई स्टुडिओतून कॅमेरा घेऊन खाली उतरल्या आणि पुढे त्यांचं खरं काम रस्त्यावर आणि रानात झालं.

१९३५ पासून त्या सरकारी नोकरीत होत्या. दुष्काळ, धुळीची वादळं आणि कर्जबाजारीपणा यांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने एक खातं काढलं होतं; त्याचंच पुढे फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झालं. या खात्यात फोटोंचा एक विभाग होता आणि रॉय स्ट्रायकर नावाचे गृहस्थ त्याचे प्रमुख. काम सरळ होतं. खेड्यापाड्यांत फिरायचं, माणसं कशी जगताहेत ते टिपायचं, म्हणजे शहरातल्या लोकांना आणि वॉशिंग्टनमध्ये बसून कायदे करणाऱ्यांना ते डोळ्यांनी दिसेल.

मार्च १९३६. लँगबाई महिनाभराची फिरती संपवून पावसातून गाडी चालवत घरी निघाल्या होत्या. निपोमो गावाजवळ रस्त्याकडेला पाटी दिसली, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची छावणी म्हणून. त्या पुढे गेल्या. काम झालं होतं, दमल्या होत्या. वीसेक मैल गेल्यावर त्यांनी गाडी वळवली आणि परत त्या पाटीपाशी आल्या. छावणीत हजारो माणसं अडकून पडली होती. गारठ्याने वाटाण्याचं पीक गेलं होतं, त्यामुळे तोडणी नाही, मजुरी नाही, आणि पुढच्या गावाला जायला पेट्रोलला पैसे नाहीत.

आपल्यापैकी ज्यांनी बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुकादमाकडून उचल घ्यायची, बायकामुलांसह कारखान्याच्या माळावर कोपी टाकायची, आणि हंगाम लवकर आटोपला तर अंगावरची उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी परत यायचं. तिकडे उसाच्या जागी वाटाणा, कापूस, संत्री होती आणि बैलगाडीच्या जागी खटारा मोटार. बाकी बऱ्याच गोष्टी ओळखीच्या आहेत.

त्या छावणीत लँगबाईंनी त्या बाईचे आणि मुलांचे मोजकेच फोटो काढले. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असं त्यांनी पुढे १९६० साली लिहिलं. नाव विचारलं नाही, असंही त्यांनीच लिहिलं. वय बत्तीस एवढं विचारलं. काही दिवसांतच सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात बातमी आणि छावणीचे फोटो आले आणि सरकारने वीस हजार पौंड धान्य छावणीकडे रवाना केलं. म्हणजे फोटोने आपलं काम केलं. फक्त धान्य पोचलं तोवर ती बाई आणि तिची मुलं तिथून निघून गेली होती.

आता प्रिंटकडे येऊ, कारण किमतीचा सगळा घोळ तिथे आहे.

आजच्या मुलांना फोटो म्हणजे फोनमधलं चित्र. तेव्हा कॅमेऱ्यातून निघे ती निगेटिव्ह, आणि निगेटिव्ह म्हणजे कच्चा माल. त्यातून कागदावर फोटो उतरवायचा तो डार्करूममध्ये. चांदीच्या क्षारांचा थर दिलेला कागद, त्यावर निगेटिव्हमधून मोजून प्रकाश टाकायचा, मग तो कागद डेव्हलपरच्या तबकात. लाल दिव्याच्या उजेडात त्यावर हळूहळू चेहरा उमटतो. मग हायपो, मग वाहत्या पाण्यात बराच वेळ धुणं. आपल्या गावाकडच्या आजोबांचे फोटो कधी पिवळे, डागाळलेले दिसतात ना, त्यात बऱ्याचदा हायपो नीट धुतला न गेल्याचा दोष असतो. प्रकाश टाकताना कसबी माणूस हाताने सावली धरतो, चेहरा थोडा उजळ ठेवतो, आभाळ थोडं गडद करतो. म्हणून एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट कधी सारख्या नसतात. एकाच पातेल्यातल्या पिठाच्या दोन बायकांनी केलेल्या भाकरीसारखं आहे ते.

बाजारात फोटोचं मोल ठरतं ते यावर. ती प्रिंट निगेटिव्हच्याच काळात निघाली का? फोटोग्राफरने स्वतः काढली, की दुसऱ्या कुणी? मागे सही, शिक्का, हस्ताक्षर आहे का? काढली त्याच काळात फोटोग्राफरच्या हातून किंवा देखरेखीखाली निघालेली जुनी प्रिंट असेल तर तिला 'व्हिंटेज प्रिंट' म्हणतात. मागाहून निघालेली ती 'लेटर प्रिंट'. आणि आज संगणकातल्या फाइलवरून चांगल्या शाईने, कापसाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली ती 'पिगमेंट प्रिंट'. ही तिसरी दिसायला सुरेख असू शकते, भिंतीवर पन्नास वर्षं टिकूही शकते. पण तिला लँगबाईंचा हात लागलेला नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत सांगतो. हा फोटो सरकारी नोकरीत काढलेला, म्हणून त्यावर कुणाचा हक्क नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये या खात्याच्या सुमारे पावणेदोन लाख काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह आहेत. त्यातले फोटो त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात, मोठी फाइल फुकट उतरवून घेता येते. ती पेन ड्राइव्हवर घालून चांगल्या लॅबमध्ये न्या. कागद, शाई आणि फ्रेमचा खर्च आला की झालं. म्हणजे काही शे युरो मागणारा दुकानदार फसवतोच असं नाही, तो कागदाचे, कारागिरीचे आणि आपल्या नफ्याचे पैसे घेतो. पण त्याने 'दुर्मीळ' हा शब्द वापरला तर थोडं थांबा आणि विचारा: ही कुणी छापली, कधी, कशावरून? खऱ्या विक्रेत्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

या फोटोत एक अंगठाही आहे. मूळ निगेटिव्हमध्ये उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसतो. लँगबाईंना तो खुपायचा. १९३९ च्या सुमारास त्यांनी तो निगेटिव्हमधून घालवून घेतला. आपल्या स्टुडिओवाल्यांच्या भाषेत रिटचिंग. स्ट्रायकरना हे अजिबात पसंत पडलं नाही. सरकारी पुराव्याला हात लावायचा म्हणजे काय! निगेटिव्ह वॉशिंग्टनला ठेवायच्या की बाईंकडे, प्रिंट कुणी काढायच्या, यावरूनही दोघांचे खटके उडत. आता तो अंगठा नीट शाबूत असलेली प्रिंट म्हणजे रिटचिंगच्या आधीची. संग्राहक भिंग घेऊन तोच कोपरा आधी बघतात. मला विचाराल तर अंगठा राहायला हवा होता. पोराला सावरत कुठेतरी आधार शोधणारा तो हात आहे, त्याला अडगळ का म्हणायचं?

१९९८ साली या फोटोची एक जुनी प्रिंट, मागे लँगबाईंच्या हातच्या नोंदी असलेली, न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात २,४४,५०० डॉलरला गेली. त्याच वर्षी अमेरिकन टपाल खात्याने याच फोटोचं तिकीट काढलं. किंमत ३२ सेंट.

मग त्या बाईचं काय झालं?

तिचं नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. मूळची ओक्लाहोमाची, चेरोकी वंशाची. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावात राहत होती. एका स्थानिक पत्रकाराने शोधून काढल्यावर ती जे बोलली ते ऐकण्यासारखं आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. तिने माझं नाव विचारलं नाही. फोटो विकणार नाही म्हणाली. एक प्रत पाठवीन म्हणाली. कधी पाठवली नाही.

त्याआधी वीस वर्षं, १९५८ साली, फ्लॉरेन्सबाईंनी एका फोटोच्या मासिकाला पत्र लिहून हा फोटो छापणं थांबवा असं सांगितलं होतं. मुलांनाही त्या चित्राची लाज वाटायची. आपली आई म्हणजे गरिबीचा चेहरा, हे कुठल्या लेकराला आवडेल? शिवाय लँगबाईंच्या आठवणीत काही गोष्टी चुकल्या आहेत असं घरच्यांचं म्हणणं. लँगबाईंनी लिहिलं की त्यांनी गाडीचे टायर विकून खाणं आणलं होतं. घरचे म्हणत, आम्ही टायर विकलेच नाहीत. आमची गाडी बिघडली होती, ती दुरुस्त होईपर्यंत आम्ही तिथे थांबलो होतो.

इथे दोन्ही बाजू बघायला हव्यात. लँगबाईंना या फोटोवर हक्काचे पैसे मिळत नव्हते. त्या पगारी होत्या आणि मालकी सरकारची. हजारो माणसांना धान्य मिळालं तेही खरं. तरीही फ्लॉरेन्सबाईंची तक्रार नीट ऐका. त्यात पैशाचा उल्लेख एकदा आहे. नाव विचारलं नाही आणि प्रत पाठवली नाही, या दोन गोष्टी मात्र बेचाळीस वर्षं त्यांच्या मनात राहिल्या होत्या. पोस्टाने एक प्रिंट पाठवायला कितीसा खर्च आला असता?

१९८३ साली फ्लॉरेन्सबाई आजारी पडल्या. उपचाराला पैसे नव्हते. मुलांनी लोकांना मदतीचं आवाहन केलं, तेव्हा देशभरातून सुमारे ३५,००० डॉलर आले. त्यांच्यासोबत पत्रं आली, जवळजवळ दोन हजार. ती पत्रं वाचल्यावर मुलांना पहिल्यांदा कळलं की आपल्या आईचा चेहरा बघून अनोळखी माणसांना धीर आला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. त्यांच्या थडग्यावर त्या फोटोचं नाव कोरलेलं आहे, 'मायग्रंट मदर'.

आता आपल्या इथल्या गोष्टीकडे वळू. मधली काही वर्षं सोडून देतो. लँगबाई आजारी होत्या, पोटाच्या दुखण्याने बरीच वर्षं फारसं काम झालं नाही. १९५३ साली त्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या नामवंत फोटोग्राफरबरोबर युटा राज्यातल्या तीन मॉर्मन गावांत गेल्या: गनलॉक, टोकरव्हिल आणि सेंट जॉर्ज. खेड्यातलं साधं जगणं टिपलं. फोटो 'लाइफ' मासिकात १९५४ च्या सप्टेंबरमध्ये छापून आले, आणि गावांत नाराजी झाली. हे फोटो एवढ्या मोठ्या मासिकात येणार याची लोकांना नीट कल्पना दिलेली नव्हती. यावरून अ‍ॅडम्स आणि लँग यांच्यातही बिनसलं.

त्याच सप्टेंबरात लँगबाई आयर्लंडला आल्या. वय ५९. सोबत मुलगा डॅनियल डिक्सन, तो मजकूर लिहिणार होता. काम 'लाइफ'चंच. आयर्लंडच का, आणि त्यातही क्लेअरच का? याचं उत्तर एका पुस्तकात आहे. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ कॉनरॅड अ‍ॅरेन्सबर्ग १९३० च्या दशकात क्लेअरमधल्या शेतकरी घरांत राहून गेले होते. शेत कुणाला मिळतं, कुणाचं लग्न कधी लागतं, म्हातारपणी कुठल्या खोलीत झोपायचं, हे सगळं त्यांनी 'द आयरिश कंट्रीमॅन' या १९३७ च्या पुस्तकात मांडलं. लँगबाईंनी ते वाचलं होतं आणि त्यांना तीच माणसं पाहायची होती.

त्यांनी एनिसजवळच्या परिसरात जवळपास सहा आठवडे काढले आणि सुमारे चोवीसशे फोटो घेतले. गवताच्या गंजी रचणारी माणसं, क्रीमरीकडे दूध नेणाऱ्या गाड्या, बाजाराच्या दिवशी गुरांचा सौदा करणारे शेतकरी, दुकानाच्या फळीपलीकडे उभा दुकानदार, पावसात भिजून हसणारी पोरं. तो पाऊस तुम्हाआम्हाला चांगला माहीत आहे. फोटोतही तो ऐकू येतो. एकही माणूस कॅमेऱ्यापुढे बुजलेला वाटत नाही. पाय ओढत चालणाऱ्या बाईची खेडूत माणसांना भीती वाटत नाही, असं त्या स्वतः आपल्या कामाबद्दल म्हणत, आणि क्लेअरमध्ये ते पटतं.

'लाइफ'ने मार्च १९५५ च्या अंकात त्यातले वीसेक फोटो छापले. बाकीचे खोक्यांत गेले. लँगबाई १९६५ साली वारल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचे पती पॉल टेलर यांनी सगळा संग्रह ऑकलंड म्युझियम ऑफ कॅलिफोर्नियाला दिला. क्लेअरच्या निगेटिव्ह आजही तिथेच आहेत आणि त्यांचे हक्कही. ते फोटो निपोमोच्या फोटोसारखे कुणीही छापावेत असे नाहीत, तेवढं ध्यानात असू द्या.

हे फोटो काढले तेव्हाचं क्लेअर म्हणजे रिकामं होत चाललेलं क्लेअर. १८४१ साली, मोठ्या दुष्काळाच्या आधी, या काउंटीत पावणेतीन लाखांहून जास्त माणसं होती. लँगबाई आल्या तेव्हा उरली होती ऐंशी हजारांच्या आसपास. १९५० च्या दशकात देशभरातून सुमारे चार लाख माणसं बाहेर गेली. फोटोत हसणाऱ्या त्या मुलांतली कितीतरी पुढे बॉस्टन, शिकागो, लंडनला निघून गेली. मागे घरात म्हातारी माणसं आणि भिंतीवर एखादा फोटो. कोकणातल्या ज्या घरांतून कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, त्या घरांना हे वेगळं सांगायला नको. आज त्याच एनिस, शॅनन, लिमरिकमध्ये मराठी घरं आहेत, आणि आपल्या मागे सांगलीत, अकोल्यात कुणीतरी आहेच.

१९९६ साली गेरी मुलिन्स यांच्या मजकुरासह हे फोटो 'डोरोथिया लँग्ज आयर्लंड' या पुस्तकात आले. ग्रंथालयातून मागवून जरूर पाहा. त्यानंतर काही वर्षांनी डिअर्ड्रे लिंच या दिग्दर्शिकेने एक माहितीपट केला. ती लँगबाईंचे फोटो घेऊन क्लेअरमध्ये दारोदार गेली आणि फोटोतली माणसं शोधली. काही तिथेच होती, काही परदेशात. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीचा आपला चेहरा, आपली आई, आपला घोडा, आता पडलेलं आपलं घर त्यांनी हातात धरून पाहिलं. माहितीपटाचं नाव आहे 'फोटोज टू सेंड'. म्हणजे पाठवायचे फोटो.

मला या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. लिलावातले अडीच लाख डॉलर एकीकडे, आणि जिचा चेहरा तिच्या हातात पडलेली एक प्रत दुसरीकडे. पहिली गोष्ट संग्रहालयांना आणि धनिकांना करू दे. दुसरी आपल्याला जमण्यासारखी आहे, आणि आपण ती करत नाही.

बघा ना. सुट्टीत गावी गेलो की फोनवर हजारभर फोटो येतात. मंडईत भाजी विकणारी मावशी, जत्रेतला पिपाणीवाला, शेजारच्या वाड्यातली आजी. "मावशी, एक फोटो काढू का?" विचारतो, मावशी पदर सारखा करतात, हसतात. आपण म्हणतो, "पाठवतो हं." कुठे पाठवणार? मावशींकडे साधा फोन असतो, किंवा नंबर घेतलेलाच नसतो. मग तो फोटो आपण इथल्या गटात टाकतो, साठ जण अंगठा दाखवतात. इथे तरी अंगठा शाबूत राहतो म्हणायचं! मावशींना मात्र तो कधीच दिसत नाही.

तर थोडी कामाची माहिती देतो. फोनचा साधा बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा असतो. एका इंचात तीनशे ठिपके धरले तर तो तेरा बाय दहा इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको. तो बारीक होऊन येतो, पाच इंचांच्या वर फुटतो. मूळ फाइल मागा. गावी पाठवायचा असेल तर साधी लॅबची सहा बाय चारची प्रिंटसुद्धा पुरे, आणि ती तिथल्याच तालुक्याच्या स्टुडिओत काढून घेतली तर टपालखर्चही वाचतो. भाऊ, चुलता, कुणीतरी बाजाराच्या दिवशी नेऊन देईल.

आपल्या भिंतीसाठी काढणार असाल तर पिगमेंट शाई आणि आम्लरहित कागद मागा. फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची माउंट हवीच. कोकणात पावसाळ्यात काचेला चिकटून बसलेला पणजोबांचा फोटो आठवतो ना? सोडवायला गेलं की चेहराच काचेवर राहतो. आयर्लंडचा दमटपणा त्याच जातीचा आहे. बाहेरच्या थंड भिंतीवर, विशेषतः जिथे हिवाळ्यात बुरशीचे काळे ठिपके येतात तिथे, फोटो लावू नका. आतली भिंत निवडा, ऊन थेट पडणार नाही अशी, आणि फ्रेमच्या मागे थोडी हवा खेळू द्या.

डब्लिनमध्ये असाल तर टेंपल बारच्या मीटिंग हाउस स्क्वेअरमध्ये एक फेरी मारा. राष्ट्रीय ग्रंथालयाचा फोटोंचा संग्रह तिथे आहे आणि समोरच फोटो म्युझियम आयर्लंड. ग्रंथालय आपले जुने फोटो इंटरनेटवरही टाकतं आणि लोक खाली लिहितात: ही अमुक गल्ली, हे तमुक दुकान, कोपऱ्यातला मुलगा माझा आजोबा. नसलेली नावं अशी एकेक परत मिळताहेत.

आणि प्रिंटच्या पाठीवर लिहा. नाव, गाव, साल, आणि फोटो कुणी काढला ते. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढून दिसतात. पाठ गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मागे लावा. नाव माहीत नसेल तर फोन करून विचारून घ्या. मावशी म्हणजे कोण, कुठल्या, हे तुमच्या आईला नक्की ठाऊक असेल.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.